सातव्या ग्रीनला पाणी कोणी घातले, या नोंदीबाबत

प्रति,
मा. अभिलेखपाल,
नगर अभिलेखागार, स्थानिक इतिहास विभाग,
जुनी टपाल इमारत, दुसरा मजला.

विषय : गोल्फ क्लबाच्या पंचाहत्तरीच्या पुस्तकावर घेतलेली हरकत, आणि ती घेताना अर्जदाराकडून स्वतः झालेली चूक दुरुस्त करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) 'गवतावरची पंचाहत्तर वर्षे' हे पुस्तक दाखल करून घेण्यापूर्वी हरकती मागवणारी आपली जाहीर सूचना.
२) अर्जदाराचा पहिला अर्ज, दि. ११ फेब्रुवारी.
३) आपल्या कार्यालयातील लेखनिक बाईंचा तोंडी सल्ला : "काका, जे घडलं ते सगळं लिहून द्या. पानं आम्ही मोजत नाही."

महोदय,

वरील सल्ल्याचा आधार घेऊन अर्जदार पुढील हकिगत आपल्यापुढे ठेवीत आहे. ती लांबली आहे, याची त्याला जाणीव आहे.

१. सदर अर्जदार या क्लबात एकोणचाळीस वर्षे मैदान राखण्याच्या कामावर होता. सभासद त्याला 'गवतमास्तर' म्हणत. त्याचे खरे नाव हजेरीपटावर होते, परंतु हाक मारण्याच्या कामी ते कधी आले नाही, आणि अर्जदारालाही त्याचे वाईट वाटले नाही. साहेबांना हा खेळ ठाऊक नसल्यास एवढेच सांगणे पुरे की, मैदानात नऊ ठिकाणी जमिनीत होल असतो आणि प्रत्येक होलाभोवती अगदी बारीक कापलेल्या गवताचा गालिचा असतो, त्याला ग्रीन म्हणतात. बाकीचे मैदान थोडेफार वेडेवाकडे चालते. ग्रीन मात्र तळहातासारखे लागते. अर्जदाराचे आयुष्य या नऊ तळहातांवर गेले.

२. क्लब सुरू झाला तो बंद पडलेल्या वीटभट्टीच्या जागेवर. पहिल्या सभासदांनी पत्र्याच्या शेडमध्ये उलट्या खोक्यांवर बसून बूट बदलले, आणि पहिले बी बिस्किटांच्या डब्यातून आले. हे सर्व पुस्तकात आहे आणि बरोबर आहे. ते बरोबर असण्याचे कारण असे की, ते अर्जदाराने सांगितले. त्याला ते त्याच्याआधीच्या माळ्याने सांगितले होते.

३. अर्जदार दररोज काम संपल्यावर एका वहीत नोंद करी. कोणते ग्रीन कापले, कुठे बुरशी दिसली, कोणता होल कुठे हलवला. वर्षाला एक, अशा एकोणचाळीस वह्या झाल्या. समासात अधूनमधून इतरही गोष्टी असत. विमान चालवणाऱ्या एका सभासदाचा चेंडू चौथ्या होलात एका फटक्यात गेला, तो पाहायला अर्जदाराखेरीज चिटपाखरू नव्हते, तो दिवस त्यात आहे. एक शाळामास्तरीणबाई रोज सकाळी एकट्याच खेळत आणि नवव्या ग्रीनवरून उतरताना गवताला वाकून "येते रे" म्हणत. त्या यायच्या बंद झाल्या, तो दिवसही आहे.

४. क्लबाचे मानद चिटणीस हे दातांचे डॉक्टर. त्यांचा खेळ यथातथाच. चेंडू हमखास झुडपात जाई, आणि तो शोधता शोधता त्यांची व अर्जदाराची मैत्री झाली. मैत्री हा शब्द अर्जदार विचारपूर्वक वापरतो. पंचवीस-तीस वर्षे डॉक्टर दर रविवारी अर्जदाराच्या दोन खोल्यांत चहाला येत. अर्जदाराच्या पत्नीस ते वहिनी म्हणत. तिची अक्कलदाढ त्यांनीच काढली, आणि "आता घरात अक्कल कुणाकडेच उरली नाही" हा त्यांचा विनोद या घरात अनेक वर्षे चालला.

५. गेल्या वर्षी एका रविवारी डॉक्टर म्हणाले, "मास्तर, पंचाहत्तरीचं पुस्तक काढतोय. क्लबाचा सगळा इतिहास तुमच्या डोक्यात आहे. मुळासकट काढायचा तर ते काम माझंच." अर्जदार हसला. पुढचे अकरा रविवार डॉक्टरांनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि अर्जदार बोलत राहिला. पत्नी चहा आणून ठेवी आणि आत जाई. शेवटच्या रविवारी डॉक्टरांनी एकोणचाळीस वह्या मागितल्या. अर्जदाराने दोन पिशव्या भरून त्या स्वतः रिक्षापर्यंत नेऊन दिल्या. पावती घेतली नाही. दाढ काढून घेताना कोणी पावती मागत नाही.

६. प्रकाशनाच्या दिवशी अर्जदारास मागच्या रांगेत 'कर्मचारीवर्ग' अशा पाटीखाली बसवण्यात आले व एक प्रत देण्यात आली. ती त्याने घरी भिंग लावून तीन दिवसांत वाचली. आपला सदरा दुसऱ्याच्या अंगावर दिसावा तसे त्याला प्रत्येक पानावर होत गेले. वाक्ये त्याची, त्याखाली नावे सभासदांची. शाळामास्तरीणबाईंचे "येते रे" आता लाकडाच्या वखारीचे मालक असलेल्या अध्यक्षांनी ऐकले होते, जे दुपारी बारापूर्वी कधी क्लबात दिसले नाहीत. वैमानिकांचा फटका पाच साक्षीदारांनी पाहिला होता. पृष्ठ ५८ वरील छायाचित्राखाली 'अध्यक्ष (डावीकडून दुसरे) व इतर' असे छापले आहे. अर्जदार 'इतर' मध्ये आहे.

७. हे सगळे त्याने गिळले असते. पृष्ठ ७१ मात्र घशाखाली उतरले नाही. चौतीस वर्षांपूर्वी पाण्याचा तुटवडा पडला आणि नगरपालिकेने मैदानाचे नळ बंद केले. आठ ग्रीन वाळून भुसा झाली. सातवे तेवढे सखलात होते, आणि त्याच्या कुंपणामागे एक लाँड्री होती. लाँड्रीच्या मालकीणबाई कपडे शेवटचे खळबळलेले पाणी फेकून न देता मागच्या दारी ठेवू लागल्या आणि तेथून बादल्या वाहून सातवे ग्रीन जगवले गेले. नळ पुन्हा सुरू झाल्यावर त्याच गवताचे तुकडे कापून बाकीची आठ ग्रीन लावली. आज क्लबावर सभासद ज्यावर चालतात, ते झाडून सगळे गवत त्या बादल्यांची लेकरे आहेत.

८. पृष्ठ ७१ म्हणते : 'सभासदांनी सहकुटुंब साखळी करून, हातोहात बादल्या देत सातवे ग्रीन वाचवले.'

९. अर्जदार एकेका सभासदास भेटला. त्याची समजूत अशी की, ते खोटे बोलत असतील आणि त्याला पाहून ओशाळतील. घडले ते याहून वाईट. त्यांना सर्वांना आठवत होते. वखारवाल्या अध्यक्षांनी तळहात पुढे करून त्या वेळच्या फोडाचा वण दाखवला. वैमानिक त्या वर्षी परदेशात नोकरीला होते, हे अर्जदाराने नम्रपणे निदर्शनास आणले, तेव्हा ते क्षणभर थांबून म्हणाले, "सुट्टीवर आलो असेन. पाणी साबणाचं होतं, वास अजून नाकात आहे." कार्यकारिणीवरील वास्तुकारांनाही आपण छोटी बादली उचलल्याचे स्मरते. त्यांचा जन्म त्यानंतर दोन वर्षांनी झाला. अर्जदाराने तेही सांगितले. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही प्रत्येक गोष्टीत खुसपट काढता बुवा."

१०. शेवटी अर्जदार डॉक्टरांच्या दवाखान्यात गेला. आत दुसरी खुर्ची नसल्याने त्याला रुग्णाच्या खुर्चीतच बसावे लागले, आणि पुढचे संभाषण तोंडावर दिवा असताना झाले.

"डॉक्टर, हे तुम्ही लिहिलंत?"

"मी तुमच्याच नावानं लिहिलं होतं, मास्तर. शप्पत. समितीनं बदललं."

"आणि तुम्ही?"

"मी सही केली."

मग ते म्हणाले, "पुस्तकाला सभासदांच्या आठवणी हव्या होत्या. ठरावच तसा होता. आणि तुम्ही... तुम्ही सभासद नाही ना."

अर्जदार खुर्चीतून उतरला. एकोणचाळीस वर्षांत कोणी त्याला हे तोंडावर सांगितले नव्हते, आणि सांगितले ते त्याच्या घरचा चहा प्यायलेल्या माणसाने.

११. त्यानंतर अर्जदाराने आपल्याकडे पहिला अर्ज दिला. त्यातील परिच्छेद चारमध्ये त्याने असे लिहिले होते : 'सातव्या ग्रीनला तेवीस दिवस पाणी मी व माझ्या पत्नीने वाहिले, बहुतांशी मीच.' आपल्या कार्यालयाने पुरावा मागितला. पुरावा वह्यांत, आणि वह्या क्लबाच्या बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटात. तेथे सभासदांखेरीज कोणास प्रवेश नाही. फाटकावरच्या रखवालदारास कामाला अर्जदारानेच लावले होते. तो हात जोडून म्हणाला, "मास्तर, माझी नोकरी नका घालवू." अर्जदार आपल्याच वह्या पाहायला तीनदा गेला आणि तीनदा फाटकाबाहेरून परत आला.

१२. दि. १ मार्च रोजी क्लबाने एक दिवस प्रदर्शन सर्वांसाठी खुले ठेवले. अर्जदार पत्नीस घेऊन गेला. ती यायला तयार नव्हती. "तुमची साक्ष काढायला मी कशाला?" असे ती म्हणाली. तरी आली. काचेच्या कपाटात त्या वर्षाचीच वही उघडी ठेवली होती आणि पान होते तेच, पाण्याच्या दिवसांचे. पुरावा आपल्या पायांनी चालत समोर आला होता. शेजारच्या कार्डावर 'माजी अध्यक्षांच्या हस्ताक्षरातील दुर्मीळ नोंद' असे होते. अर्जदार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हे अध्यक्षांचं अक्षर नाही."

"नाहीच मुळी," पत्नी म्हणाली. "पण तुमचंही नाही."

१३. अर्जदाराने चष्मा पुसून पुन्हा पाहिले. गोल, सुटे अक्षर. एकेका ओळीची नोंद :

'ताप १०३. बादल्या ३१.'
'ताप १०४. रात्रभर बडबड. बादल्या २८.'
'ताप तोच. सरकारी दवाखान्यात म्हणाले विषमज्वर. बादल्या ३३. कडेचे गवत पिवळे, मधले ठीक.'

आपण विषमज्वराने त्या वर्षी पडलो होतो, हे अर्जदारास ठाऊक होते. पाण्याचे दिवस त्याला ठाऊक होते. दोन्ही एकाच वेळी होते, हे मात्र त्याला ठाऊक नव्हते, किंवा केव्हातरी ठाऊक नसलेले बरे वाटले असावे.

१४. घरी आल्यावर पत्नीने कुकर लावला आणि पाठमोरी उभी राहून जे सांगितले, ते अर्जदार शक्य तितके जसेच्या तसे नोंदवीत आहे.

"तेवीस दिवसांतले शेवटचे चार तुम्ही वाहिलेत. अंगात त्राण नव्हतं तरी वाहिलेत, ते मी नाकारत नाही. आधीचे एकोणीस मी. तुम्ही तापात सारखे एकच विचारायचात, सातवं जिवंत आहे का. मी हो म्हणायची, आणि मग ते खरं करायला जायची."

अर्जदार म्हणाला, "मग चौतीस वर्षं बोलली का नाहीस?"

"सुरुवातीला तुम्हीच सांगायचात की, हिनं वाहिल्या. चारचौघांत सांगायचात. मला लाज वाटायची, पण बरं वाटायचं. मग 'आम्ही' झालं. मग कधी नुसतंच 'मी'. म्हटलं, विसरले असतील. डॉक्टरांना सांगताना मी दाराआड उभी होते. अकरा रविवार उभी होते, म्हटलं आता तरी येईल नाव."

कुकरची शिट्टी झाली. ती बंद करून ती म्हणाली, "क्लबानं तुम्हाला फोटोत 'इतर' केलं, तर महिनाभर तुम्ही धड जेवला नाहीत. मी काय म्हणायचं?"

१५. पत्नीचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही, वेणी घालताना ती मान वाकडी करते. ते शिवणकामाने झाले, असे अर्जदार इतकी वर्षे धरून चालला होता. त्याने तिला कधी विचारले नव्हते. परवा विचारले. ती म्हणाली, "तेव्हापासूनच आहे ते."

१६. साहेबांस नमूद करणे प्राप्त आहे की, वखारवाल्या अध्यक्षांच्या हातावरील वणास अर्जदार आता पूर्वीइतका हसत नाही. बादलीच्या कडीचा गार, ओला स्पर्श अर्जदारालाही अगदी स्पष्ट आठवतो. पहाटेचा ओला रस्ता, कुंपणातले भोक, पायांवर सांडलेले पाणी, सारे आठवते. त्यातले चार दिवसांचे किती आणि तिच्या तोंडून ऐकलेले किती, हे त्याला वेगळे काढता येत नाही. त्याने प्रयत्न केला.

१७. गेल्या रविवारी डॉक्टर आले. चार महिन्यांनी आले. दारातच उभे राहून त्यांनी खिशातून छापील चिठ्ठी काढली. समितीला त्यांनी नाकदुऱ्या काढून, राजीनाम्याची धमकी देऊन वळवले होते. उरलेल्या सर्व प्रतींत पृष्ठ ७१ वर चिकटवायचे ते शुद्धिपत्र होते : 'सातवे ग्रीन क्लबाचे तत्कालीन मैदानप्रमुख यांनी स्वतः पाणी वाहून वाचवले.' पुढे अर्जदाराचे नाव, आडनावासकट. हजेरीपट सोडल्यास ते छापलेले त्याने प्रथमच पाहिले.

"घ्या मास्तर," डॉक्टर म्हणाले. "माझ्याकडून जमेल तेवढं केलं. आता तरी आत घ्या मला."

एक महिना आधी ही चिठ्ठी आली असती, तर अर्जदाराने ती चौकटीत लावली असती. तो म्हणाला, "हे चूक आहे, डॉक्टर. हिचं नाव टाका."

डॉक्टरांना आधी ती थट्टा वाटली. मग ते काकुळतीला आले. "अहो, वहिनी नोकरीवरसुद्धा नव्हत्या. तुमच्यासाठीच मी इतकं भांडलो, आता त्यांना कुठल्या तोंडानं सांगू? तुमचं नाव येतंय, ते तरी येऊ द्या. घरातल्या घरात काय फरक पडतो?"

आत भांडी घासण्याचा आवाज थांबला होता.

अर्जदार म्हणाला, "तोच तर फरक मी इतकी वर्षं ओळखला नाही," आणि चिठ्ठी परत दिली. डॉक्टर जिन्यावरून उतरेपर्यंत तो दारात उभा होता. त्यांना आत बोलवावे, असे त्याला वाटले. बोलावले नाही. बुधवारी समितीने कळवले की, संबंधिताने नकार दिल्याने शुद्धिपत्र रद्द समजावे व पृष्ठ ७१ आहे तसे कायम राहील. कळवणाऱ्या पत्राखाली सही डॉक्टरांचीच आहे.

१८. सबब, प्रार्थना येणेप्रमाणे :

(अ) अर्जदाराच्या पहिल्या अर्जातील परिच्छेद चार खोटा आहे. 'बहुतांशी मीच' हे शब्द त्याने जाणूनबुजून लिहिले नाहीत, पण लिहिले त्यानेच. ते खोडून बाजूला तसा शेरा मारावा.

(आ) पुस्तक खुशाल दाखल करून घ्यावे. अर्जदाराची त्यास आता हरकत नाही. मात्र पुस्तकाच्या नोंदपत्रावर या अर्जाचा क्रमांक टाकावा आणि जो कोणी ते पुस्तक मागेल, त्याच्या हाती सोबत हा अर्जही द्यावा. त्याने वाचलाच पाहिजे, असा आग्रह नाही.

(इ) क्लब अर्जदारास वह्या दाखवणार नाही, परंतु आपल्या कार्यालयाचे पत्र गेल्यास त्या पानांची नक्कल नाकारू शकणार नाही, असे लेखनिक बाईंचे म्हणणे आहे. तशी नक्कल मागवावी. अक्षर पडताळण्यासाठी पत्नीने एका कोऱ्या कागदावर स्वतःचे पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासह, लिहून दिले आहे. नोंद त्याच नावाने व्हावी. 'अमुक याची पत्नी' असे लिहू नये.

१९. हा अर्ज पाठवण्यापूर्वी अर्जदाराने तो पत्नीस मोठ्याने वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकला. मध्ये एकदाच "कुकरचं कशाला लिहिलंत?" असे विचारले. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "एकोणीस नाही. अठरा लिहा."

अर्जदाराने सांगितले की, वहीत तिच्या अक्षरात एकोणीस दिवसांच्या नोंदी आहेत.

"नोंदी माझ्याच. पण एक दिवस मला उठवेना. तुमचा ताप उतरत नव्हता आणि मी रात्रभर जागी. त्या दिवशी लाँड्रीच्या बाईंनी वाहिल्या. धंदा बंद ठेवून. संध्याकाळी येऊन सांगितलं, तीस झाल्या, लिहून ठेव. तो दिवस त्यांचा आहे. मी कसा घेऊ?"

तरी वर जेथे जेथे पत्नीचे एकोणीस दिवस म्हटले आहे, तेथे अठरा वाचावे, ही विनंती. लाँड्री केव्हाच उठून गेली. त्या बाईंचे नाव पत्नीस आठवत नाही, अर्जदारास तर ते कधी ठाऊकच नव्हते. दोघे मिळून शोध घेत आहेत. कालच त्या गल्लीतल्या एका वृद्ध शिंप्याकडे जाऊन आले. समजताच कळवण्यात येईल. तोपर्यंत एका दिवसापुरती जागा मोकळी ठेवावी.

आपला नम्र, आणि चार दिवसांपलीकडे कोणताही हक्क न सांगणारा,

(सही)
अर्जदार,
निवृत्त मैदानरक्षक

दिनांक : १७ मार्च

सोबत : १) पत्नीच्या हस्ताक्षराचा कागद, एक.
२) पृष्ठ ७१ ची छायाप्रत.
३) समितीचे बुधवारचे पत्र, मूळ. परत नको.